इटलीची संगीतयात्रा : इ. स. १७७०

इ. स. १७६९ च्या डिसेंबरची तेरा तारीख. आल्प्स पर्वताच्या उत्तरेस असलेल्या साल्झबुर्ग शहरांतून एक घोडागाडी इटलीच्या रोखानें निघाली. गाडींत बापलेक होते. बाप लेओपोल्ड मोत्सार्ट नुकताच पन्नाशीला पोंचलेला, तेथील धर्माधिपति राजाच्या दरबारांतला दुय्यम संगीतप्रमुख. मुलगा वोल्फगांग चौदाव्या वर्षांत. हिंदुस्थानांत त्या वेळीं पुण्यास थोरले माधवराव पेशवे राज्यकारभार पाहत होते. आगगाडी जन्मास यावयाला अजून अर्ध्या शतकाचा अवकाश होता, आणि ऐन हिंवाळ्यांत बर्फानें भरलेला घाट ओलांडून परदेशीं उतरणें ही केवळ हौसेची गोष्ट नव्हती. तरी पुढील साडेपंधरा महिन्यांत या दोघांनीं इटलीचीं बहुतेक मोठीं शहरें पाहिलीं, तेथील नाटकगृहांत ऑपेरे ऐकले, राजवाडे आणि चर्चें न्याहाळलीं, आणि जागोजाग स्वतःचे जलसे केले. संगीताच्या इतिहासांत इतका तपशीलवार नोंदलेला दुसरा प्रवास विरळाच. याचें कारण असें कीं घरीं दोन बायका मागें राहिल्या होत्या, आणि त्यांना पत्रें लिहावीं लागत होतीं.

त्या दोघी म्हणजे आई आन्ना मारिया आणि बहीण मारिया आन्ना. बहिणीला घरांत नानेर्ल म्हणत. ती अठरा वर्षांची होती, आणि सहा वर्षांपूर्वीं अशाच एका गाडींत तिचीहि जागा होती. १७६३ च्या जूनमध्यें हें चौघांचें कुटुंब म्युनिक, पॅरिस, लंडन, हेग अशा फेरीला निघालें होतें, तें १७६६ च्या नोव्हेंबरांत परतलें. त्या फेरींत लोक दोन्ही मुलांना पाहावयास येत, आणि हार्प्सिकॉर्डवरील थोरल्या बहिणीच्या कौशल्याची वाखाणणी धाकट्या भावाबरोबर होई. हेग येथें १७६५ सालीं ती आंत्रज्वरानें इतकी आजारी पडली कीं मरणसमयींचा धर्मविधिदेखील उरकून घेण्यांत आला. ती वांचली. पण आतां ती अद्भुत बालिका राहिली नव्हती. लग्नाच्या वयाची मुलगी झाली होती. दोघांचा खर्च चौघांच्या खर्चापेक्षां कमी, हें हिशेबी बापाला कोणी सांगावयास नको होतें. त्या हिशेबांत चूक काढतां येत नाहीं. अन्याय मात्र दिसतो.

इटलीच कां, असा प्रश्न सहज मनांत येईल. त्या काळीं ऑपेरा म्हणजे इटालियन ऑपेरा हें समीकरण बहुतेक दरबारांतून ठरलेलें होतें. संगीतकार जर्मन असो वा बोहेमियन, पदांची भाषा इटालियन, गाणारे इटालियन, आणि रचनेची पद्धतिहि तेथलीच. ज्याला या क्षेत्रांत नांव कमवावयाचें त्यानें नेपल्स, व्हेनिस, मिलान येथील प्रेक्षकांची पावती आणावी, ही रीति होऊन बसली होती. मुलगा मोठा होत चालला होता. सहा वर्षांच्या पोरानें डोळ्यांवर कापड बांधून वाद्य वाजविलें म्हणजे राण्या त्याला मांडीवर घेतात. सोळा वर्षांच्या तरुणानें वाजविलें तर पगाराची गोष्ट निघते आणि ती बहुधा तेथेंच थांबते. तें वय येण्याच्या आंत या मुलाची गणना कर्त्या संगीतकारांत व्हावी, एवढ्यासाठीं ही यातायात होती.

पैशाची बाजू मात्र प्रथमपासून लंगडी होती. लंडन-पॅरिससारखे तिकिटें विकून होणारे जलसे इटलींत फारसे नव्हते. तेथें गांवोगांवीं रसिक सरदारांच्या संस्था असत, त्यांना अकादमी म्हणत. जलसा त्यांच्या सभासदांसाठीं. पाहुण्याला मिळावयाचें तें कौतुक, कविता आणि कधीं एखादी देणगी. इटलींत फार कमाई होणार नाहीं, हें लेओपोल्डनें घरीं लौकरच कळवून टाकलें.

व्हेरोनांत ५ जानेवारी १७७० रोजीं पहिला मोठा जलसा झाला. तेथील एका रसिक अधिकाऱ्यानें मुलाचें तैलचित्र काढवून घेतलें. लाल अंगरख्यांतला, वाद्यावर हात ठेवलेला तो मुलगा आजहि अनेक पुस्तकांत भेटतो. याच शहरांत रोमन काळचें प्रचंड दगडी क्रीडागार आहे. त्यांत १९१३ पासून उघड्या आकाशाखालीं ऑपेरे होऊं लागले, ही पुढची गोष्ट.

मांतुआ येथें मात्र थोडें थांबलें पाहिजे. हें शहर लहान, पण ३ डिसेंबर १७६९ रोजीं, म्हणजे मोत्सार्ट बापलेक घर सोडण्याच्या दहा दिवस अगोदर, तेथें एक नवें सभागृह उघडलें होतें. बांधणारा आंतोनिओ गाल्ली बिबिएना. बिबिएना हें एका घराण्याचें नांव. या घराण्याच्या तीन पिढ्यांनीं युरोपभर नाटकगृहें बांधलीं आणि रंगीत पडद्यांवर अशीं तिरकस, खोल दृश्यें उभीं केलीं कीं चार पावलांच्या रंगमंचावर राजवाड्याचे चौक दिसावेत. मांतुआचें सभागृह घंटेच्या आकाराचें आहे. भोंवतीं वर वर चढत गेलेले सज्जे, आणि समोर रंगमंचाच्या जागीं खांब व कोनाडे असलेली कायमची भिंत. तेथें १६ जानेवारीला मुलाचा जलसा झाला. कार्यक्रम पाहिला तर परीक्षाच म्हणावी : पूर्वीं न पाहिलेली रचना समोर ठेवतांच वाजविणें, दिलेल्या शब्दांना तेथल्या तेथें चाल लावून त्याच वेळीं गाऊन दाखविणें, एका सूत्रावर जागच्या जागीं फ्यूग रचणें. लेओपोल्डनें पत्नीला लिहिलें कीं या जातीचें इतकें सुंदर सभागृह आपण जन्मांत पाहिलें नव्हतें. तो पॅरिस, व्हर्साय आणि लंडन पाहून आलेला मनुष्य होता, तेव्हां ही स्तुति हलकी नव्हे. सुदैवानें ही वास्तु आजहि उभी आहे आणि तींत जलसे होतात.

इटालियन नाटकगृहाची घडण कशी होती, हें समजल्यावांचून तेथील ऑपेरा समजत नाहीं. व्हिचेन्झा येथें पाल्लादिओ या थोर शिल्पशास्त्रज्ञानें आराखडलेलें आणि त्याच्या मृत्यूनंतर पुरें झालेलें तेआत्रो ओलिंपिको १५८५ सालीं उघडलें, तेव्हां प्राचीन रोमन पद्धतीप्रमाणें पायऱ्यापायऱ्यांची अर्धवर्तुळाकार बैठक हाच आदर्श होता. तेथें सर्व प्रेक्षक एकाच समुदायांत बसत. पण १६३७ सालीं व्हेनिसमध्यें सान कास्सिआनो नांवाचें नाटकगृह पैसे देईल त्याच्यासाठीं उघडलें आणि ऑपेरा राजवाड्याबाहेर पडला. धंदा चालवावयाचा तर ठरीव उत्पन्न हवें. म्हणून प्रेक्षागाराच्या भोंवतीं मजल्यावर मजले चढवून लहान लहान बॉक्स काढण्यांत आले आणि ते श्रीमंत कुटुंबांना वर्षाच्या बोलीनें देण्यांत आले. बॉक्स म्हणजे त्या कुटुंबाची बैठकीची खोलीच. तेथें पाहुणे येत, जेवण होई, पत्ते पडत. आवडत्या गायिकेचें पद आलें कीं सर्वजण कठड्याशीं येऊन कान देत, आणि तें संपलें कीं पुन्हां पत्ते. गंभीर श्रोत्याला हें पाहून राग येई. पण या बॉक्सांच्या भाड्यावरच गवयांचे पगार निघत, हेंहि विसरून चालणार नाहीं.

दुसरी गोष्ट लांकडाची. आंतील सर्व काम बहुधा लांकूड, कापड आणि पातळ गिलावा यांचें असे. त्यामुळें सबंध घर तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणें नादाला साथ देई. पण प्रकाश मेणबत्त्यांचा आणि तेलाच्या दिव्यांचा. तेव्हां जें नाटकगृह चांगलें वाजे तेंच चांगलें जळे.

२३ जानेवारीला दोघे मिलानला पोंचले. लोंबार्दी प्रांत तेव्हां ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होता आणि काउंट फिर्मियान हा तेथील कारभारी होता. त्यानें आपल्या वाड्यांत जलसे करविले, आणि मार्चमध्यें ज्यासाठीं सारा खटाटोप होता तें काम पदरांत पडलें : पुढील नाताळाला राजवाड्यांतील नाटकगृहांत जो पहिला ऑपेरा लागावयाचा तो वोल्फगांगनें रचावा, मोबदला १०० दुकात आणि राहावयाची सोय. काम हातीं आलें, आणि काळजीहि आली. मिलानच्या प्रेक्षकांपुढें चौदा वर्षांच्या मुलाचा ऑपेरा पडला असता तर तें अपयश वर्षानुवर्षें पाठीमागें लागलें असतें.

मग दक्षिणेचा प्रवास सुरू झाला. बोलोन्यांत पाद्रे मार्तीनी या विद्वान संन्याशाची भेट झाली. संगीतशास्त्रांत त्याचा शब्द सर्व युरोपांत मानला जाई. त्याच शहरांत बिबिएनानें बांधलेलें दुसरें एक नाटकगृह १७६३ सालीं उघडलें होतें. फ्लॉरेन्समध्यें टॉमस लिन्ली हा वोल्फगांगच्याच वयाचा इंग्रज मुलगा व्हायोलिन शिकत होता. दोघांची गट्टी जमली. निरोप घेतांना दोघेहि रडले. हा लिन्ली पुढें १७७८ सालीं नाव उलटून बुडाला. फ्लॉरेन्स पाहून लेओपोल्डला इतका आनंद झाला कीं हें शहर तूंहि पाहावयास हवें होतेंस, असें त्यानें बायकोला कळविलें. तिच्या मनांत काय आलें असेल तें असो.

११ एप्रिलला, पवित्र सप्ताहांत, दोघे रोमला आले आणि त्याच दिवशीं सिस्टाइन मंदिरांत गेले. मायकेल अँजेलोच्या भित्तिचित्रांखालीं त्या सप्ताहांत आल्लेग्रीचें 'मिझेरेरे' गाइलें जाई. वाद्याची साथ नाहीं, फक्त कंठ. ही रचना पोपच्या गायकवृंदाची ठेव समजली जाई आणि तिची नक्कल बाहेर जाऊं देत नसत. मुलानें ती ऐकून घरीं येऊन लिहून काढली. ही बातमी साल्झबुर्गला पोंचली तेव्हां आई व बहीण घाबरल्या : हें पाप तर नव्हे? लेओपोल्डनें हंसून उत्तर पाठविलें कीं भिण्याचें कारण नाहीं. साऱ्या रोमला, खुद्द पोपलाहि, ही गोष्ट ठाऊक आहे. पुढें जुलैमध्यें पोप चौदावा क्लेमेंट यानें त्या मुलाला सुवर्ण आरीचा मानकरी केलें, तेव्हां घरच्यांची भीति पुरती फिटली असेल.

नेपल्समध्यें मे-जूनचे सहा आठवडे गेले. १७३७ सालीं बांधलेलें तेथील सान कार्लो नाटकगृह युरोपांतील सर्वांत मोठ्या नाटकगृहांपैकीं एक, आणि राजवाड्याला लागूनच. तेथें ३० मे रोजीं योम्मेल्लीचा नवा ऑपेरा लागला. वोल्फगांगचें मत बहिणीच्या पत्रांत आहे : सुंदर, पण रंगभूमीच्या मानानें फार शहाणा आणि जुन्या वळणाचा. त्याच पत्रांत तो सांगतो कीं राजा ऑपेरांत स्टुलावर उभा राहतो, राणीपेक्षां थोडा उंच दिसावा म्हणून. या शहरांत बापलेकांनीं भोंवतालचीं ठिकाणेंहि पाहिलीं : व्हेसुव्हिअस, कासेर्ताचा राजवाडा, आणि राखेंतून उकरून काढण्याचें काम चाललेलें पॉम्पेई. लेओपोल्ड जेथें जाई तेथें प्रसिद्ध स्थळांचीं छापील चित्रें विकत घेई. घरच्यांची इटली ती चित्रें हीच होती.

नेमक्या याच सालीं दुसरा एक प्रवासी त्याच वाटेनें निघाला होता. डॉक्टर चार्ल्स बर्नी हा लंडनचा संगीतशिक्षक; वय ४४. संगीताचा सर्वांगीण इतिहास लिहावयाचा, आणि तो दुसऱ्यांचीं पुस्तकें उतरून नव्हे तर स्वतःच्या कानांनीं ऐकून, असा त्याचा निश्चय होता. जून १७७० मध्यें तो निघाला; पॅरिस, तुरिन, मिलान, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स असा फिरून डिसेंबरांत परतला. मोत्सार्टांना मानमरातब हवा होता. बर्नीला माहिती हवी होती. त्यामुळें दोघांच्या नोंदी एकमेकांशेजारीं ठेवल्या म्हणजे चित्र पुरें होतें.

व्हेनिसमध्यें बर्नी रोज अनाथ मुलींचें गायन ऐकावयास जाई. त्या शहरांत अशीं चार धर्मादाय आश्रयस्थानें होतीं. तेथील मुलींना नामवंत संगीतकार शिकवीत, आणि त्या केवळ गातच नसत, तर मोठ्या खर्जाच्या वाद्यापासून सर्व वाद्यें स्वतःच वाजवीत. पण वाजवीत त्या उंच सज्ज्यांत, जाळीच्या आड. श्रोत्यांना आवाज ऐकूं येई, चेहरा दिसत नसे. गुणवान मुलीला त्या युगानें दिलेली जागा ही अशी होती. नेपल्समध्यें बर्नीनें मुलांच्या संगीतशाळा पाहिल्या. एकाच दालनांत सात-आठ हार्प्सिकॉर्ड, त्याहून अधिक व्हायोलिनें आणि कांहीं गळे एकाच वेळीं निरनिराळे पाठ घोकीत बसलेले पाहून तो थक्क झाला. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेंत परवचा आणि मोडी एकदम चालत, त्याची आठवण व्हावी.

३० ऑगस्टला बोलोन्यांतील एका चर्चमध्यें तेथील अकादमीचा वार्षिक उत्सव होता. तेथें बर्नीला लेओपोल्ड व वोल्फगांग भेटले. लंडनमध्यें पांच वर्षांपूर्वीं त्यानें त्या मुलाला पाहिलें होतें. बापलेक तेव्हां जवळच एका सरदाराच्या बागेंतील घरीं राहत होते, कारण नेपल्सहून रोमला सत्तावीस तास अखंड प्रवास करतांना गाडीच्या अपघातांत लेओपोल्डच्या पायाला मोठी जखम झाली होती. मुलाचा आवाजहि त्याच उन्हाळ्यांत फुटला. स्वतः रचलेलें आतां गातां येत नाहीं म्हणून तो हिरमुसला होता. बर्नीनें १७७१ सालीं आपला प्रवासग्रंथ छापला. त्यांतील चित्रें, वास्तु आणि वाटेच्या हालअपेष्टा यांविषयींचा मजकूर मित्रांच्या सल्ल्यानें गाळून केवळ संगीत ठेवलें. सल्ला देणाऱ्यांनीं वाचकांचें नुकसान केलें, असेंच आज वाटतें. त्याच वर्षीं त्यानें 'मिझेरेरे'हि लंडनमध्यें छापून टाकलें, आणि पोपच्या घरचें गुपित बाजारांत आलें.

बोलोन्याच्या अकादमींत सभासद होण्यास वयाची वीस वर्षें पुरीं असावीं लागत. ९ ऑक्टोबरला वोल्फगांगला एका खोलींत कोंडून जुन्या शैलींतील एक रचना करावयास सांगण्यांत आलें, आणि तो उत्तीर्ण झाला. घरीं गेलेल्या पत्रांत हा मोठा विजय आहे. पण हस्तलिखितें तपासतां असें दिसतें कीं मुलाच्या मूळ उत्तरांत दोष होते आणि पाद्रे मार्तीनीनें तें सुधारून दिलें. म्हाताऱ्या गुरूनें केलेली ही लबाडी कोणालाहि क्षम्य वाटेल.

मिलानला परत येतांच खरी लढाई सुरू झाली. ऑपेराचें नांव 'मित्रिदाते'. कथानक रासीनच्या नाटकावरून घेतलेलें. गवई उशिरां आले. आल्यावर ज्याला त्याला आपल्या गळ्याच्या मापाचें पद हवें होतें. मुख्य गायिका बेर्नास्कोनी हिच्याकडे कोणीं तरी त्याच कथेवर पूर्वीं दुसऱ्यानें रचलेलीं पदें आणून दिलीं आणि हींच गा म्हणून सुचविलें. तिनें मुलाचीं पदें पाहिलीं आणि तीं पसंत केलीं. नायकाची भूमिका करणारा देत्तोरे मात्र हट्टी निघाला. त्याचें प्रवेशाचें पद पुन्हां पुन्हां नव्यानें लिहावें लागलें. आणि शेवटच्या अंकांत त्यानें जें पद गाइलें तें मोत्सार्टचें नसून गास्पारीनी या आधींच्या संगीतकाराचें होतें, हें तर विसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आलें. लिहून लिहून बोटें दुखतात, असें मुलानें आईला कळविलें, आणि ऑपेरा चांगला जावा म्हणून देवाची प्रार्थना करण्यास दोघींना सांगितलें.

२६ डिसेंबर १७७० च्या रात्रीं साठ वादकांच्या मेळ्यांत हार्प्सिकॉर्डशीं बसून चौदा वर्षांच्या मुलानें आपला ऑपेरा सुरू केला. मधल्या नृत्यांसह खेळ सहा तास चालला. मराठी संगीत नाटकें पहाटेपर्यंत चालत तो काळ ज्यांनीं ऐकून तरी माहीत करून घेतला आहे, त्यांना हें नवल वाटणार नाहीं. पहिल्या रात्रीं पद पुन्हां म्हणविण्याची तेथें चाल नव्हती. तरी बेर्नास्कोनीच्या एका पदाला 'वन्स मोअर' मिळाला, आणि छोट्या उस्तादाच्या नांवानें जयघोष झाला. ऑपेराचे वीसहून अधिक प्रयोग झाले. त्यानंतर व्हेनिसमधला कार्निव्हल आणि पादुआ, व्हिचेन्झा हीं शहरें पाहून २८ मार्च १७७१ रोजीं दोघे घरीं पोंचले.

ज्यासाठीं इतकें केलें तें मात्र साधलें नाहीं. पुढील शरदांत मिलानच्या राजपुत्राच्या लग्नानिमित्त वोल्फगांगची दुसरी रचना गाजली, आणि त्या तरुण राजपुत्रानें त्याला नोकरीस ठेवावें कीं काय, असें आईला विचारलें. आई म्हणजे सम्राज्ञी मारिया तेरेसा. डिसेंबर १७७१ मध्यें तिनें उत्तर पाठविलें कीं असल्या निरुपयोगी लोकांचें ओझें घेऊं नये. हे लोक भिकाऱ्यांसारखे जगभर हिंडतात, त्यानें दरबाराला कमीपणा येतो. बाहेर कौतुकाचे बोल आणि आंत हें पत्र. मोत्सार्टांना या पत्राचा पत्ता होता असें दिसत नाहीं. १७७२ च्या नाताळांत मिलानसाठीं तिसरा ऑपेरा झाला, १७७३ च्या मार्चमध्यें दोघे घरीं परतले, आणि त्यानंतर वोल्फगांगनें इटलींत पाऊल ठेवलें नाहीं.

ज्या नाटकगृहांतून हा प्रवास घडला त्यांचीहि दैवें निरनिराळीं. मिलानचें राजवाड्यांतलें नाटकगृह १७७६ सालीं जळालें. बॉक्सांच्या मालकांनीं खर्च उचलून सांता मारिया आल्ला स्काला या चर्चच्या जागीं पिएर्मारीनीकडून नवें बांधविलें, तेंच १७७८ सालीं उघडलेलें ला स्काला. तें १९४३ च्या ऑगस्टमध्यें बाँबखालीं सांपडलें आणि १९४६ च्या मे महिन्यांत तोस्कानीनीच्या नेतृत्वाखालीं पुन्हां गाऊं लागलें. सान कार्लो १८१६ सालीं जळून वर्षाच्या आंत उभें राहिलें. बॉक्सांची ती घोड्याच्या नालासारखी मांडणी विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईपर्यंत आली. गिरगांवांतील रॉयल ऑपेरा हाउसमध्यें ती आजहि पाहावयास मिळते.

नानेर्लनें आपल्या ताब्यांतील घरचीं पत्रें जन्मभर जपलीं. भावाच्या मृत्यूनंतर ती आणखी अडतीस वर्षें जगली आणि १८२९ सालीं वारली. या संग्रहांत ७ जुलै १७७० चें रोमहून आलेलें एक पत्र आहे. त्या उन्हाळ्यांत घरीं बसल्या बसल्या तिनें स्वतः एक गीत रचून भावाला पाठविलें होतें. उत्तरांत तो लिहितो कीं तुला इतकें चांगलें रचतां येतें याचें नवल वाटलें. गीत सुंदर आहे, असेंच अधूनमधून करीत जा. पत्र राहिलें. तें गीत, किंवा तिची दुसरी कोणतीहि रचना, आजवर सांपडलेली नाहीं.